एका कंटाळवाण्या पीडीएफला साडेचार स्टार

मेडिकलच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढली की एक सवय अंगी मुरते. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, काय सांगतो ते ऐकून घ्यायचं, मान डोलवायची, चहा पाजायचा आणि त्याची बॅग दाराबाहेर गेली की बिलावरचा रेट, स्कीम आणि बॅचची एक्स्पायरी बघायची. तोंडी हिशोबावर आम्ही एक स्ट्रिपसुद्धा ठेवून घेत नाही. आणि हाच शहाणा माणूस म्युच्युअल फंडात २०१० पासून जवळजवळ नऊ वर्षं नुसतं ऐकत होता. बिल बघितलंच नाही.

ते बिल म्हणजे कॅस. सगळ्या फंडांचं मिळून एकच स्टेटमेंट, पीडीएफमध्ये, फुकट. लोक ॲपचे रिव्ह्यू लिहितात. तीन ॲपं मीही वापरली आणि दोन काढून टाकली. त्यापेक्षा या पीडीएफबद्दल लिहिणं जास्त कामाचं वाटतं, कारण ती वापरणारा माणूस मला कराडात अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटलाय. कुणाला विचारलं तर, “येतं हो दर महिन्याला मेलवर काहीतरी, उघडत नाही,” असं उत्तर मिळतं.

आधी ही येते कुठून ते सांगतो. फंड कंपन्या पन्नासच्या आसपास असल्या तरी कुणाकडे किती युनिट, म्हणजे फंडातले वाटे, आहेत याची वही ठेवणारे मुख्य रजिस्ट्रार दोनच: चेन्नईची कॅम्स आणि हैदराबादची केफिनटेक. एसबीआय, एचडीएफसी यांचा हिशोब कॅम्सकडे. यूटीआय, निप्पॉन यांचा केफिनकडे. आपण ॲपवरून घ्या, बँकेतून घ्या, नाहीतर एजंटाकडून कागदी फॉर्म भरून घ्या, नोंद शेवटी या दोन वह्यांपैकी एकीत पडते. म्हणजे स्टॉकिस्ट कुणीही असला तरी माल एकाच डेपोतून येतो, तसं. ॲप हे फक्त काउंटर.

कॅम्सच्या साइटवर स्टेटमेंटच्या पानावर जायचं आणि कॅम्स-केफिन दोन्हींचं एकत्र स्टेटमेंट निवडायचं. तिथे सारांश नको, डिटेल्ड घ्या. तारीख अगदी सुरुवातीपासूनची टाका आणि शून्य शिल्लक असलेले फोलिओही (फोलिओ म्हणजे फंड कंपनीकडचं आपलं खातं) मागा. मेल आयडी द्यायचा, पासवर्ड आपणच ठरवायचा, आणि गिऱ्हाइकाला दोन औषधं काढून देईपर्यंत मेल येते. माझी पहिली फाइल जून २०१९ मध्ये आली, चोवीस पानांची. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून मी आणि मिसेस काउंटरवर बसलो. ती मोबाइलवर वाचत होती, मी एक्स्पायरी रजिस्टरच्या मागच्या पानांवर लिहून घेत होतो.

दिसायला पीडीएफ अगदीच रूक्ष आहे. हिरवा-लाल रंग नाही, गोल चक्र नाही, मुंगीएवढी अक्षरं. प्रत्येक फोलिओच्या डोक्यावर पॅन ठीक, केवायसी ठीक अशी नोंद, मग योजनेचं नाव आणि त्याखाली ओळीमागून ओळी: तारीख, रक्कम, युनिट, त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, शिल्लक युनिट. युनिट तीन दशांशांपर्यंत. जुलै २०२० नंतरच्या ओळींत तर गंमतच आहे. पाच हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहाचा ठरलेला हप्ता, असली तरी रक्कम ४,९९९.७५ दिसते आणि खाली स्टँप ड्युटीची वेगळी ओळ, २५ पैसे. ०.००५ टक्के. म्हणजे एनएव्ही ६८ असेल तर ४,९९९.७५ भागिले ६८, युनिट ७३.५२६. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, तिसऱ्या दशांशापर्यंत जुळलं. पंचवीस पैशांचा हिशोब देणारा कागद मला आवडतो. आमच्या स्टॉकिस्टच्या बिलातही राउंड ऑफची ओळ असते, पण ती मी इतक्या प्रेमाने कधी बघितली नव्हती.

तर त्या पहिल्या रविवारी वाचता वाचता मिसेसने विचारलं, “अहो, हे ॲडव्हायजर एआरएन म्हणून काय आहे प्रत्येक ठिकाणी?”

मी म्हटलं, “आपले एजंट. त्यांचा नंबर असेल.”

“मग त्यांना काय मिळतं?”

“काही नाही गं. आपण कुठे त्यांना पैसे देतो?”

हे मी बोललो. औषधाच्या दुकानात, काउंटरमागे बसून.

एंट्री लोड १ ऑगस्ट २००९ ला बंद झाला. त्याआधी पैसे टाकतानाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत कापले जायचे आणि ते दिसायचे तरी. नंतर कापणं थांबलं असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात कमिशन फंडाच्या खर्चात बसतं आणि तो खर्च रोजच्या एनएव्हीतून आधीच वजा होऊन येतो. त्यामुळे ओळ कुठेच दिसत नाही. दिसते ती वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबर अखेरची जी कॅस आपोआप मेलवर येते तिच्यात. २०१६ पासून सेबीने, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, हे सक्तीचं केलंय: वितरकाला सहा महिन्यांत किती रुपये मिळाले ते आकड्यात द्यायचं. मी तीन वर्षांच्या न उघडलेल्या मेल उघडल्या. मार्च २०१९ अखेरच्या स्टेटमेंटमध्ये सगळ्या फंडांची बेरीज ३,१४२ रुपये होती. सहा महिन्यांचे. माझे तेव्हा सातएक लाख होते.

मार्जिन घेणं हे काही पाप नाही. माझं घर मार्जिनवरच चालतं. सरकारी दरयादीतल्या औषधांवर आम्हाला १६ टक्के मिळतात, बाकीच्यांवर थोडे जास्त. पण माझं मार्जिन गिऱ्हाईक त्या स्ट्रिपपुरतं एकदाच देतं. फंडातलं मार्जिन दरवर्षी द्यायचं आणि तेही साठलेल्या सगळ्या रकमेवर. म्हणजे २०१० साली घेतलेल्या गोळीचं मार्जिन गिऱ्हाईक २०१९ मध्येही देतंय, आणि गोळीची किंमत वाढली म्हणून जास्तच देतंय! असा धंदा मला कुणी दिला असता तर मी शटर कधी ओढलंच नसतं.

त्याच फंडाचा डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासून मिळतो. तोच मॅनेजर, तेच शेअर, फक्त कमिशन नाही. फरक साधारण पाऊण ते एक टक्का. एक टक्का म्हणजे किती हे मुलीने एक्सेलमध्ये काढून दाखवलं: महिना पाच हजार, पंधरा वर्षं. अकरा टक्क्यांनी २२.९४ लाख, बारा टक्क्यांनी २५.२३ लाख. आपण घातलेले नऊ लाखच. वरचे सव्वादोन लाख ज्याचे त्याने ठरवावेत.

एजंटसाहेबांबद्दल मनात अढी नाही. नाव लिहिणार नाही. फॉर्म घेऊन ते दुकानात यायचे, मला उठावंही लागायचं नाही. आणि सगळ्यांनी डायरेक्ट घ्यावं असंही माझं मत नाही. माझ्या मेहुण्याला मी ते सांगितलेलं नाही, कारण बाजार दहा टक्के पडला की तो रात्री फोन करतो आणि त्याला कुणीतरी “थांबा हो” म्हणणारं लागतं. त्या “थांबा हो”चे एक टक्का त्याने द्यावेत. पण किती देतोय ते कळून द्यावेत.

रेग्युलरमधून, म्हणजे कमिशनवाल्या प्लॅनमधून, डायरेक्टमध्ये जाणं हे नुसतं बटण नाही, हेही कॅसवरूनच कळलं. एकाच योजनेत गेलं तरी ती विक्री धरली जाते. नफ्यावर कर लागतो, आणि वर्षाच्या आतल्या युनिटवर बहुतेक ठिकाणी एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याची कापणी. जे आधी घेतलं ते आधी विकलं असा हिशोब चालतो, अगदी आमच्या जवळच्या एक्स्पायरीचा माल आधी काढण्यासारखा. ३१ जानेवारी २०१८ पूर्वीच्या युनिटसाठी त्या दिवसाची एनएव्ही खरेदी किंमत म्हणून धरता येते, त्यामुळे माझ्या जुन्या मालावरचा नफा कागदावर बराच कमी झाला. तेव्हा वर्षाला एक लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नव्हता. दर मार्चमध्ये बसून, नफा लाखाच्या आत राहील एवढीच युनिट काढायची आणि पैसे आले की डायरेक्टमध्ये घालायचे. सगळं हलवायला चार मार्च लागले. आता २०२४-२५ या वर्षापासून ती मर्यादा सव्वा लाख आहे आणि २३ जुलै २०२४ पासून वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के.

दुसरा धक्का फंडांच्या संख्येचा. अकरा. रजिस्टरमध्ये एकाखाली एक लिहिल्यावर मला हसू आलं. त्यातले चार लार्ज कॅप. सेबीच्या व्याख्येप्रमाणे लार्ज कॅप म्हणजे बाजारमूल्यात पहिल्या शंभर कंपन्या. त्याच शंभरांतून चार जणांनी निवडायचं म्हटल्यावर निवडून निवडून काय वेगळं निवडणार? प्रत्येक फंड दर महिन्याला आपली शेअरयादी जाहीर करतो. चारही याद्या शेजारी ठेवल्या, वरच्या दहांतली सहा-सात नावं तीच. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच मॉलिक्यूल, चार ब्रँड. पॅरासिटामॉल चार कंपन्यांचं एकदम घेतलं म्हणून ताप चौपट उतरत नाही. बाकीच्यांतले दोन एनएफओ, म्हणजे नव्याने बाजारात आणलेले फंड, होते, “दहा रुपयांत मिळतंय, स्वस्त आहे” म्हणून घेतलेले. एनएव्ही दहा असो नाहीतर सहाशे, आत मालच जर तोच असेल तर दहाची स्ट्रिप घेतली काय आणि पंधराची घेतली काय, गोळी तीच आणि तिचा भावही तोच. हे मला, मलाच, कळायला नऊ वर्षं.

आता चार आहेत. निफ्टी निर्देशांकाची नक्कल करणारा एक इंडेक्स फंड, तो निवडताना मी फक्त खर्चाचं प्रमाण आणि निर्देशांकापासून तो किती भरकटतो एवढंच बघितलं. एक फ्लेक्सी कॅप, म्हणजे लहानमोठ्या सगळ्या कंपन्यांत पैसे घालणारा, एक मिड कॅप, म्हणजे मधल्या आकाराच्या कंपन्यांचा. आणि एक लिक्विड फंड, ज्यात स्टॉकिस्टची देणी भागवायचे पैसे पंधरा-वीस दिवस पडून असतात. मागच्या एक वर्षाच्या परताव्याची यादी मी बघतच नाही. त्या यादीत वर असलेला फंड आणि डॉक्टरच्या चिठ्ठीत या महिन्यात जास्त येणारं औषध, दोन्हींच्या मागे बहुतेक वेळा सीझन असतो.

ॲपांबद्दल थोडं. नावं नकोत. एका ॲपवर जून २०२२ मधल्या एका शुक्रवारी बाजार पडलेला बघून मी दुपारी २ वाजून ४१ मिनिटांनी पन्नास हजार टाकले. तीनच्या आत टाकले की त्याच दिवसाची एनएव्ही मिळते ना? पडद्यावर रंगीत कागद उडाले, ‘अभिनंदन’ आलं. पुढच्या आठवड्यात कॅस काढली तर तारीख सोमवारची. फेब्रुवारी २०२१ पासून नियम असा आहे की ऑर्डर कधी दिली यावर नाही, पैसे फंडाच्या खात्यात कधी पोचले यावर एनएव्ही ठरते. माझे पैसे मधल्या कुठल्यातरी खात्यात बसून होते. नुकसान दोनशे रुपयांच्या आतलं, त्याचं दुःख नाही. पण ॲपमध्ये अजूनही ती खरेदी शुक्रवारचीच दिसते. दुसऱ्या एका ॲपला माझी जुनी खरेदी माहीतच नव्हती. डायरेक्टमध्ये हलवलेले पैसे त्याने नवीन समजले आणि मला ३१ टक्के एक्सआयआरआर, म्हणजे तारखांप्रमाणे काढलेला वर्षाचा परतावा, दाखवला. दोन दिवस मी कॉलर ताठ करून फिरलो. मग मुलीने कॅसमधल्या सगळ्या तारखा एक्सेलमध्ये घातल्या. ११.८.

कॅसमधली माझी सगळ्यात आवडती ओळ एप्रिल २०२० ची आहे. २३ मार्चला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला होता आणि देश बंद झाला. आमचं दुकान मात्र चालू. दारात चुन्याचे गोल आखलेले, मास्क आणि सॅनिटायझरसाठी रांग, आणि दर तिसरा माणूस हायड्रॉक्सीक्लोरोक्विन मागतोय. मोबाइलमध्ये ॲप उघडायला सवड नव्हती, ती असती तर मी काय केलं असतं याची मला खात्री देता येत नाही. माझी एसआयपी पाच तारखेची. ५ एप्रिलला रविवार, ६ ला महावीर जयंतीची सुट्टी, म्हणून नोंद पडली ७ तारखेला. आणि नेमका त्या एकाच दिवशी सेन्सेक्स जवळजवळ २,४७६ अंकांनी उसळला. म्हणजे महिन्याभराच्या पडझडीत मला मिळालेला दिवस हा! पण स्टेटमेंटमध्ये ओळ इतर ओळींसारखीच आहे. रक्कम तेवढीच, युनिट जानेवारीपेक्षा बरीच जास्त. ना उसळी दिसते ना रांग.

अर्धा स्टार कुठे कापला तेही सांगतो. अक्षरं फार बारीक आहेत. आमच्या वयाच्या माणसाने लॅपटॉपवरच उघडावी. परतावा किती टक्के हे ती सांगत नाही, ते गणित आपलं आपण करायचं. फंड चांगला की वाईट यावरही ती गप्प. त्याला मी दोष म्हणत नाही, स्टॉक रजिस्टरने औषध गुणकारी आहे का ते सांगायचं नसतंच. पण अंकांमागे अंक बघून माझा एक मित्र दुसऱ्या पानावर थांबला, हे खरं.

आणि मेल आयडी. मागवलेली कॅस त्या मेलवर नोंदलेले फोलिओ दाखवते. मिसेसचे दोन फोलिओ तिच्या कॉलेजच्या काळातल्या मेल आयडीवर होते, ज्याचा पासवर्ड आता ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. ती चूक आमची. एमएफ सेंट्रल म्हणून कॅम्स आणि केफिनने मिळून २०२१ मध्ये एक साइट काढली आहे, तिथून मेल आयडी, मोबाइल, नॉमिनी दोन्हीकडचे एकाच ठिकाणी बदलता येतात. आम्ही बदलले. माझं जुनं बँक खातंही बदलावं लागलं, कारण सरकारी बँकांच्या विलीनीकरणात माझी बँकच गेली आणि आयएफएससी कोड बदलला. नॉमिनीच्या जागा तर तीन ठिकाणी मोकळ्या होत्या. नाव घालताना मिसेस म्हणाली, “घाला माझं, पण पासवर्ड पण लिहून ठेवा. नाहीतर मी कुठे शोधत बसू?” लिहून ठेवलाय. कुठे ते तिला माहीत आहे.

याच नादात वडिलांचं प्रकरण निघालं. ते २०१६ ला गेले. त्यांच्या ट्रंकेत यूटीआयच्या मास्टरगेन ९२ या जुन्या योजनेच्या पावत्या, ज्यांचे पैसे त्यांनी केव्हाच काढले होते, आणि त्याखाली २००६ सालचं एका फंड कंपनीचं पिवळं पडलेलं पाकीट. आत पंचवीस हजारांच्या एनएफओची पोचपावती, फोलिओ नंबरवर ओल लागून शाई उतरलेली. कॅसमध्ये हा फोलिओ येणं शक्य नव्हतं. पॅन सक्तीचा झाला जुलै २००७ पासून, त्याआधीचा हा व्यवहार, त्यात ना पॅन ना मेल. २०२५ मध्ये सेबीने ‘मित्र’ नावाची सोय आणली, एमएफ सेंट्रलवरच. दहा वर्षं गुंतवणूकदाराने काही व्यवहार केलेला नाही पण युनिट शिल्लक आहेत अशा फोलिओंचा शोध घेता येतो. नाव, जन्मतारीख, तेव्हाचा पत्ता, जे होतं ते भरलं. पत्ता दोनदा चुकला, कारण आम्ही ‘शनिवार पेठ’ लिहीत होतो आणि वडिलांनी फॉर्मवर नुसतं ‘मेन रोड’ लिहिलं होतं. तिसऱ्या वेळी जुळलं. रक्कम ते सांगत नाहीत, अमुक रजिस्ट्रारकडे जा एवढंच सांगतात.

नॉमिनी नव्हता. म्हणून मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद, बहिणीचं ना हरकत पत्र आणि आईची केवायसी असा सगळा सरंजाम जमवणं चालू आहे. परवा आईची सही घ्यायला गेलो. चष्मा लावून तिने पोचपावती दोन्ही बाजूंनी बघितली, तारीख बोटाने वाचली आणि म्हणाली, “म्हणजे स्कूटरचे पैसे इथे गेले होते होय. मला सांगितलं, शोरूममध्ये गाडीच नाही.”